पांच विद्यार्थिनींचें विद्यापीठ

विद्यापीठाची थोरवी कशावरून ठरवावी, हा प्रश्न आमच्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. कारण त्याचें उत्तर सर्वांनीं आधींच ठरवून ठेविलेलें असतें. इमारत किती मोठी, पदवीला बाजारांत भाव काय, आणि ओळखीच्या कोणाचा मुलगा तेथें जातो, एवढ्या तीन गोष्टी कळल्या कीं मध्यमवर्गीय गृहस्थाचें समाधान होतें. या तिन्ही कसोट्यांस जें विद्यापीठ कित्येक वर्षें उतरलें नाहीं, त्याविषयीं आज लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें म्हणजे धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं पुण्यास स्थापन केलेलें महिला विद्यापीठ. तें खासगी होतें; सरकारची सनद त्यास नव्हती; आणि ज्या वर्षीं तें सुरू झालें त्या वर्षीं त्यांत विद्यार्थिनी होत्या अवघ्या पांच. पांच मुलींच्या मेळाव्यास आमच्याकडे कोणी शिकवणीचा वर्ग देखील म्हणणार नाहीं. कर्व्यांनीं त्यास विद्यापीठ म्हटलें, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या पंडितानें त्याचें कुलपतिपद व रँग्लर परांजप्यांनीं कुलगुरुपद स्वीकारलें. या घटनेकडे विनोद म्हणून पाहणारे लोक त्या वेळीं पुण्यांत नसतील असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं.

या संस्थेविषयीं मराठींत जें लिहिलें गेलें आहे तें बहुतेक स्तुतिपर आहे, आणि ती स्तुति अस्थानीं आहे असें म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं. फर्ग्युसनमधील तास संपवून चिखल तुडवीत हिंगण्यास जाणारे कर्वे आमच्या शालेय पुस्तकांतून आतां एखाद्या पुराणपुरुषासारखे झाले आहेत. परंतु स्तुतीचा एक दोष असा कीं ती संस्थापकाच्या पायांशीं थांबते. वर्गाच्या दारांतून आंत जात नाहीं. विद्यापीठ म्हणजे शेवटीं कोणीतरी कोणाला तरी कांहींतरी शिकविणें होय. तेथें काय शिकविलें जाई, कोण शिकवी, आणि शिकणाऱ्या मुलीच्या मनांत त्याचें पुढें काय होई, हें ज्यास विचारावयाचें आहे त्याला चरित्रांच्या आणि गौरवग्रंथांच्या बाहेर जावें लागतें.

हें जाणून घेण्याकरितां आम्हीं प्रथम या संस्थेच्या घरचींच पुस्तकें पुन्हा काढून वाचलीं. कर्व्यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचें, म्हणजे विद्यापीठाच्या जन्मापूर्वींचें. तेव्हां पुढील हकीकतीसाठीं त्यांचें १९३६ सालचें ‘लुकिंग बॅक’ हें इंग्रजी पुस्तक हाताशीं घ्यावें लागतें. दोन्ही पुस्तकें गणिताच्या प्राध्यापकानें लिहिलीं आहेत हें कोणी न सांगतां कळतें. कोणापासून किती मिळालें आणि तें कोठें खर्च झालें याचा हिशेब त्यांत चोख आहे. स्वतःविषयीं बोलतांना लेखकाचा आवाज कधीं चढत नाहीं. आणि अलंकाराचा तर त्यांना जणूं कांहीं सुतकच होतें. अशा निरलंकार गद्याची चव आम्हांस जसजसें वय वाढत आहे तसतशी अधिक लागूं लागली आहे. पण वर्गांत काय चालतें याविषयीं हे हिशेब मुके आहेत. दुसरें पुस्तक पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’, १९२८ सालचें. कोंकणांतील ही विधवा संस्थेसाठीं गांवोगांव वर्गणी मागत हिंडली, आणि १९१८ सालीं इंग्रजी शिकावें व संस्थेसाठीं पैसा मिळवावा म्हणून अमेरिकेस गेली. तेथें लोकांच्या घरचें काम करून राहिली. तिसरें बाया कर्व्यांचें ‘माझें पुराण’, १९४४ सालचें. आणि आम्हांस विचाराल तर या सर्वांत वाङ्मय म्हणून श्रेष्ठ हेंच. मिळकत संस्थेला आणि काटकसर घराला, अशी ज्या संसाराची वांटणी झाली, त्या संसाराची दुसरी बाजू बायांनीं अशा रोखठोक बोलींत सांगितली आहे कीं, थोर पुरुषाच्या घरांत राहणें म्हणजे काय हें समजण्यास मराठींत तिच्या तोडीचीं पुस्तकें फार थोडीं सांपडतील. परंतु हीं सारीं पुस्तकें बांधणाऱ्यांचीं आहेत. बांधलेल्या घरांत येऊन राहिलेल्या मुलीची साक्ष त्यांत नाहीं.

ती साक्ष कोठें आहे हें सांगण्यापूर्वीं त्या घराचा आराखडा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. टोकियो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हातीं पडली होती. १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें, तेव्हां त्यांनीं तशीच योजना लोकांपुढें मांडली. तिचीं तत्त्वें मुख्यतः दोन होतीं. उच्च शिक्षण मातृभाषेंतून द्यावयाचें, इंग्रजी ही भाषा म्हणून आवश्यक ठेवावयाची, हें एक. स्त्रियांचें आयुष्य बहुधा गृहिणीचें व मातेचें असतें, तेव्हां त्यांचा अभ्यासक्रम त्यास अनुरूप असा निराळा आखावयाचा, गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र त्यांत सर्वांना शिकवावयाचें, हें दुसरें. पदव्यांचीं नांवें सुद्धां निराळीं काढलीं: पहिली ‘गृहीतागमा’, वरची ‘प्रदेयागमा’. या नांवांत संस्कृत पंडिताचा हात स्पष्ट दिसतो. लोकांनीं मात्र त्यांचें लगेच ‘जी. ए.’ आणि ‘पी. ए.’ करून टाकलें, आणि मातृभाषेच्या विद्यापीठाच्या पदव्या इंग्रजी आद्याक्षरांनींच ओळखल्या जाऊं लागल्या. असो.

या दोन तत्त्वांची किंमत आमच्या मतें एकसारखी नाहीं. आणि संस्थेचे स्तुतिपाठक व निंदक या दोघांनींही त्यांची गल्लत केली आहे. दुसरें तत्त्व आधीं घेऊं. मुलींना मुलांपेक्षां निराळें शिक्षण द्यावें कीं तेंच द्यावें, हा वाद पुण्यास नवा नव्हता. १८८४ सालीं हुजूरपागेची शाळा निघाली तेव्हांपासून तो जुंपला होता. निराळ्या शिक्षणाचा पक्ष ‘मराठा’ पत्रानें व टिळकांनीं घेतला. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावें आणि तेंही एकत्र द्यावें, हा पक्ष आगरकरांचा. कर्वे हे विधवेशीं पुनर्विवाह करून वाळीत पडलेले सुधारक. आगरकरांच्या बाजूचे म्हणूनच लोक त्यांना ओळखत. त्यांनीं विद्यापीठ काढतांना अभ्यासक्रम मात्र असा आंखला कीं जुन्या पक्षासही त्यांत आपलें कांहीं दिसावें. हा योगायोग आम्हांस टोंचतो. स्त्रीचें आयुष्य स्वयंपाकघरांतच जावयाचें आहे, हें गृहीत धरून तिला उच्च शिक्षण देऊं जाणें म्हणजे पक्ष्याला पिंजऱ्याच्या मापाचे पंख देणें होय. आणि आगरकर १८९५ सालीं गेले नसते तर या योजनेवर त्यांची लेखणी स्वस्थ बसली नसती असें आम्हांस वाटतें.

पण टीकाकारानें दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या घरांतून या मुली यावयाच्या होत्या तीं घरें कोणतीं होतीं? मुलगी शिकून बिघडेल, तिला वर मिळणार नाहीं, ती सासूला उलट बोलेल, या भयानें ग्रासलेलीं आमचींच घरें. त्या घराच्या उंबऱ्यावर कोणी तरी पथकर मागत उभें होतें. गृहशास्त्र हा तो पथकर होता. कर्व्यांनीं तो मनापासून दिला कीं धोरण म्हणून दिला, याचा निर्णय त्यांच्या लेखांवरून करितां येत नाहीं. आमची समजूत अशी कीं मनापासूनच दिला. धूर्तपणा हा त्यांचा गुण नव्हता.

आतां पहिलें तत्त्व. येथें आम्हांस आमच्याविरुद्धच साक्ष द्यावी लागत आहे, कारण आम्ही इंग्रजींतून शिकलों आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजींतून शिकवीत आलों. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही प्राध्यापकास विचारा. एकच वाक्य, त्याच स्वल्पविरामासह, वीस पत्रिकांतून सांपडतें. विद्यार्थी आळशी असतो म्हणून नव्हे. परक्या भाषेंत स्वतःचें मत मांडतांना तो मत विसरतो आणि वाक्य सांभाळतो. आणि सांभाळलेलें वाक्य दुसऱ्याचेंच असतें. ज्या काळीं मुंबई विद्यापीठांत इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र हें सारें इंग्रजींतून घोकलें जात होतें, त्या काळीं पुण्याच्या एका कोपऱ्यांत मूठभर मुली तेच विषय मराठींतून शिकत होत्या. क्रमिक पुस्तकें जवळजवळ नव्हतीं. शिक्षक इंग्रजी ग्रंथ वाचून येत आणि मराठींत बोलत. शब्द अडला कीं वर्गांतच घडवीत. हें सरकारी मान्यतेच्या विद्यापीठांत घडतें ना. तेथें प्रत्येक विषयास मंडळ, मंडळास नियम, आणि नियमास पूर्वींचा दाखला लागतो. दाखला नसलेली गोष्ट करण्यास लहान व बेसनदी संस्थाच लागते.

तेथें शिकवी कोण? तर वामन मल्हार जोशी. ‘विश्ववृत्त’ मासिकांतील एका लेखापायीं १९०८ सालीं खटला होऊन तीन वर्षांची सक्तमजुरी भोगून आलेला हा तत्त्वज्ञानाचा पदवीधर कर्व्यांच्या महाविद्यालयांत प्राध्यापक झाला आणि बहुतेक आयुष्य त्यानें तेथेंच घालविलें. कादंबरीकार म्हणून त्यांच्यावर नेहमींचा आक्षेप असा कीं त्यांचीं पात्रें जगत नाहींत, चर्चा करितात. ‘रागिणी’विषयीं हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ती १९१५ ची, म्हणजे विद्यापीठापूर्वींची. तींतील स्त्रियांचे वादविवाद बुद्धिमान असले तरी ते पुरुषाच्या अभ्यासिकेंत लिहिलेले आहेत हें लपत नाहीं. परंतु १९३० ची ‘सुशीलेचा देव’ आणि १९३४ ची ‘इंदु काळे व सरला भोळे’ या पुढें ठेवून पाहाव्या. सुशीला आपला देव आपण शोधते. मूर्तींतून निघून ती कोठें पोंचते, हा प्रवास तिच्या बुद्धीचा आहे, आणि लेखक तिच्या मागून चालतो, पुढें नाहीं. इंदु आणि सरला तर पत्रेंच लिहितात. लेखकानें स्वतःचा आवाज जवळजवळ काढून घेतला आहे. मधल्या पंधरा वर्षांत काय झालें? टीकाकार पाश्चात्य कादंबरीचा प्रभाव शोधीत बसतात. आम्हांस उत्तर अधिक जवळ दिसतें: या माणसापुढें रोज एक वर्ग बसत होता, त्या वर्गांत मुली होत्या, आणि त्या त्याच्याशीं मराठींत वाद घालूं शकत होत्या. १९१९ सालीं त्यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ प्रसिद्ध झाला. नीतिशास्त्रासारखा विषय उच्च पातळीवर मराठींत मांडावयाचा, आणि तोही असा कीं शिकणाऱ्यास प्रश्न विचारतां यावा, ही त्या ग्रंथाची धाटणी आहे. विद्यापीठाच्या संपत्तींत ठाकरसींच्या देणगीइतकीच या पुस्तकाची गणना व्हावयास हवी होती.

आणि आतां ज्या साक्षीचा आम्हीं मघाशीं उल्लेख केला ती. वामनरावांच्या विद्यार्थिनींत बाळूताई खरे नांवाची एक मुलगी होती. १९०५ चा जन्म. हिंगण्यास राहून शाळा शिकलेली, कर्व्यांच्याच विद्यापीठाची पदवी घेतलेली, आणि पुढें त्याच संस्थेच्या शाळेंत शिकविणारी. स्वतःच्या नांवानें तिनें ‘अलंकारमंजूषा’सारखा अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला, ‘हिंदुव्यवहारधर्मशास्त्र’ या ग्रंथाच्या लेखनांत भाग घेतला. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, त्यावर नांव होतें विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजेच बाळूताई, पुढें मालतीबाई बेडेकर, हें उघड होण्यास वेळ लागला. आणि तोंवर ही बाई कोण, बाई आहे कीं बुवा, याची चर्चा महाराष्ट्रांतील दिवाणखान्यांतून किती चवीनें चालली तें जुन्या पिढीच्या तोंडून आम्हीं ऐकलें आहे.

त्या पुस्तकांतील मुली शिकलेल्या आहेत. त्यांतील एकीला नोकरी आहे. तिच्या पगारावर बापाचें बिऱ्हाड चालतें. घरांत पाठोपाठ मुलें होतच आहेत, आणि थोरलीचें लग्न कोणाच्याच सोयीचें नाहीं. दुसऱ्या कोणास प्रेमाचें आमिष आहे पण घराची शाश्वती नाहीं. या मुली रडत नाहींत, आणि बंड करून घरही सोडीत नाहींत. त्या आपल्या परिस्थितीचा विचार करितात, आणि विचार करितात म्हणूनच वाचकास असह्य होतात. त्या काळच्या सुधारकास वाटे कीं मुलीला शिकविलें म्हणजे प्रश्न सुटला. या पुस्तकानें त्यास दाखविलें कीं प्रश्न तेथून सुरू होतो. आणि तें दाखविण्याची भाषा पाहा. तींत ना. सी. फडक्यांच्या कादंबरींतील गुलाबपाणी नाहीं, संस्कृतप्रचुर नीतिपाठ नाहीं. घरांत बहिणीबहिणी बोलतात तसली, आंखूड वाक्यांची, पण विचाराची कडी न सोडणारी अशी ती मराठी आहे. कथा म्हणून त्यांतील कांहीं ढिल्या आहेत, कांहींचा शेवट लेखिकेनें घाईनें उरकला आहे, आणि मनोगतें कोठें कोठें निबंधासारखीं लांबतात. हे दोष आम्ही झांकीत नाहीं. परंतु स्त्रीच्या मनांतील तर्क, भावना नव्हे तर तर्क, मराठी गद्यांत इतक्या उघडपणें आधीं आला होता असें आम्हांस दिसत नाहीं.

येथें त्या दोन तत्त्वांचा निकाल लागतो असें आमचें म्हणणें आहे. विद्यापीठानें तिला गृहिणी व माता होण्यासाठीं शिक्षण दिलें. तिनें त्या शिक्षणाचा उपयोग घर नांवाच्या संस्थेची उलटतपासणी करण्याकडे केला. निराळ्या अभ्यासक्रमानें जें द्यावयाचें योजिलें होतें तें तिच्या पुस्तकांत शोधून सांपडत नाहीं. मातृभाषेच्या माध्यमानें जें दिलें तें पानोपानीं दिसतें. एक गोष्ट मात्र बोंचते. शास्त्रीय ग्रंथ लिहितांना तिला आपलें नांव पुरलें. निःश्वास टाकण्यास टोपणनांव घ्यावें लागलें. ज्या संस्थेंत ती वाढली त्या संस्थेच्या शाळेंतील शिक्षिकेस सुद्धां हें उघडपणें लिहितां येईल अशी खात्री वाटली नसावी. तो दोष संस्थेचा किती आणि तिच्यावर नजर ठेवून बसलेल्या आम्हां सुशिक्षित कुटुंबांचा किती, हें वाचकांनींच पाहावें.

यावर असें म्हणतां येईल कीं एका प्रतिभावान् मुलीवरून विद्यापीठाची परीक्षा करणें न्यायाचें नव्हे. प्रतिभा कोठेंही उगवते. आक्षेप खरा आहे. इरावतीबाई कर्वे या संस्थापकांच्याच सूनबाई. १९३१ ते १९३६ या काळांत त्या या विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. पण त्यांचें स्वतःचें शिक्षण फर्ग्युसन, मुंबई विद्यापीठ आणि बर्लिन येथें झालें, आणि त्यांची मराठी कोणापेक्षां कमी तेजस्वी होती असें कोण म्हणेल? तरीही दोघींत फरक आहे. इरावतीबाईंना मराठीकडे परत यावें लागलें. मालतीबाईंना मराठीच्या बाहेर जावेंच लागलें नाहीं. पहिल्या प्रकारास मोठी बुद्धि, मोठें घर आणि मोठा प्रवास लागतो. दुसऱ्या प्रकारास एक वसतिगृह, वामनरावांसारखा एक शिक्षक, आणि प्रश्न विचारण्याची मुभा पुरते. साधारण घरच्या मुलीला दुसराच प्रकार परवडतो.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचें नांव विद्यापीठास मिळालें. १९२९ सालीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, कर्वे युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले, जिनीव्हाच्या शिक्षण-परिषदेंत त्यांनीं आपल्या प्रयोगाविषयीं व्याख्यान दिलें, टोकियोचें तें मूळ विद्यापीठही पाहून आले. पुढें आफ्रिकेंतही हिंडले. १९३६ सालीं विद्यापीठाचें ठाणें मुंबईस हललें. १९५१ सालीं त्यास कायद्याचें अधिष्ठान मिळालें. म्हणजे पस्तीस वर्षें ‘जी. ए.’ मुलींनीं अशी पदवी बाळगली कीं जिला सरकारदरबारीं वजन नव्हतें. ज्या बापांनीं हें माहीत असून मुली तेथें पाठविल्या त्यांचीं नांवें कोणत्याही गौरवग्रंथांत नाहींत. १९५८ सालीं संस्थापकांस भारतरत्न मिळालें, तेव्हां ते शंभर वर्षांचे होते.

आज महाराष्ट्रांत खासगी विद्यापीठ कायदा होऊन जन्मास येतें, आणि पदवीचें वजन त्यास पहिल्याच दिवशीं असतें. इमारती आम्हीं पाहिल्या आहेत, चांगल्या आहेत. मराठींतून अर्थशास्त्र किंवा तत्त्वज्ञान शिकवीन असें म्हणणारें त्यांत कोणी भेटलें नाहीं. बाप शुल्काचा आकडा ऐकून नोकरीचा आकडा विचारतो. अशा ठिकाणीं एखादी बाळूताई आज बसली असेल तर ती कोणत्या भाषेंत निःश्वास टाकीत असेल, हें तिच्या प्राध्यापकास कळण्याचा मार्ग आम्हांस दिसत नाहीं. आम्ही स्वतः प्राध्यापक असूनही दिसत नाहीं.

शेवटीं एक विनंति. वामनरावांच्या वर्गांत बसलेल्या मुलींनीं व्याख्यानांच्या वह्या ठेवल्या असतील. क्रमिक पुस्तकें नसलेल्या वर्गांत वहीच पुस्तक असते. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं आजी किंवा पणजी ‘जी. ए.’ झालेली असेल, तर तिची ट्रंक उघडून पाहावी आणि अशी वही सांपडल्यास या मासिकाच्या पत्त्यावर कळवावें. वही फाटकी असली तरी चालेल. समासांत तिनें स्वतः कांहीं लिहिलें असल्यास तें मात्र कोणी पुसूं नये.